अडीच टनांचा संसार

"अठ्ठावीसशे ऐंशी!" वजनकाट्यावरच्या पोरानं खिडकीतून डोकं बाहेर काढून आकडा ओरडून सांगितला आणि चिठ्ठी पुढे केली.

खोपोलीची दुपार. मागे सळ्यांनी भरलेला ट्रक हॉर्न वाजवत उभा. पुढे काट्यावर माझ्या मावसभावाची पिकअप आणि पिकअपच्या पाठीवर एक पांढरीशुभ्र पेटी. पेटीला खिडकी, दार, वर सोलर पॅनल. दादानं चिठ्ठी वाचली, मग गाडीची आरसी वाचली, मग परत चिठ्ठी वाचली. आरसीवर एकूण वजन होतं २,६०० किलो. काट्यावर भरलं २,८८०. एक पैशाचंही सामान अजून 'एक्स्ट्रा' म्हणून भरलेलं नव्हतं.

"दोनशे ऐंशी किलो जास्त," दादा म्हणाला.

"मग आता काय काढायचं?" वहिनीनं विचारलं. त्या एका प्रश्नावर पुढचे तीन आठवडे त्या घरात जे काही झालं, त्याला भांडण म्हणायचं की डिझाईन मीटिंग, हे अजून ठरलेलं नाही.

तर ही गोष्ट घरी बनवलेल्या मोटरहोमची. म्हणजे चाकावरचं घर, आणि तेही हायवेच्या कडेला उभं राहणारं नाही, तर डांबर संपल्यावर पुढे जाणारं. परदेशात असल्या गाड्यांची क्रेझ जुनी आहे. फोक्सवॅगनच्या डबाबंद व्हॅनसाठी जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीनं १९५१ मध्ये 'कॅम्पिंग बॉक्स' काढला. आठवडाभर व्हॅन धंद्याला वापरायची आणि शनिवारी आत लाकडी सामानाचा हा संच बसवायचा, की झाली झोपायची सोय. सोमवारी बॉक्स बाहेर! ही आयडिया लक्षात ठेवा, कारण आपल्या गोष्टीत ती सत्तर वर्षांनी खोपोलीत परत येणार आहे.

गुडघा आणि राजमाची

आधी एक प्रश्न. दादा ऐरोलीच्या आयटी पार्कात, वहिनी ठाण्याच्या बँकेत. चारचौघांसारखा ईएमआय, चारचौघांसारखी लोकल. या दोघांना हे खूळ आलं कुठून?

उत्तर कर्जतला आहे. कर्जत स्टेशनला उतरायचं, कोंदिवडेपर्यंत मिळेल त्या गाडीनं जायचं, तिथून कोंडाणे लेणी बघत राजमाचीला चढायचं. मुंबई-ठाण्याच्या कुठल्याही ट्रेकरला विचारा, त्यानं ही वाट एकदा तरी केलेली असते. (कोंडाणे बरं का, कोंढाणा नव्हे. कोंढाणा म्हणजे सिंहगड. हा गोंधळ दर ट्रेकला एक तरी जण घालतोच.) वहिनीनं ही वाट कॉलेजपासून किती वेळा केली, तिलाही आठवत नाही. २०१८ च्या डिसेंबरात उतरताना एका ओल्या दगडावरून पाय सरकला आणि गुडघ्याचं लिगामेंट गेलं. ऑपरेशन झालं, फिजिओथेरपी झाली. चालायला हरकत नाही, पण पाठीवर ओझं घेऊन लांबलचक उतार नको, असं डॉक्टरांनी सांगितलं.

टेंट, स्लीपिंग बॅग, पाणी, रेशन हे सगळं पाठीवरून गेलं तर उरतं काय? रिसॉर्ट. कर्जतमध्ये रिसॉर्टना काही तोटा नाही. पण ज्या बाईनं राजमाचीवर रात्री काढल्यात तिला रेन डान्सच्या तिकिटात काय गंमत वाटणार? लॉकडाऊनच्या काळात घरी बसल्या बसल्या दोघांनी कागदावर पहिलं चित्र काढलं. सामान पाठीवरून गाडीवर. एवढाच फंडा.

आधी कायदा, मग वेल्डिंग

इथे जरा दम खा. नेटवर तुम्ही जे व्हिडिओ बघता ना, जुनी व्हॅन घेतली, सीट काढल्या, आत बेड ठोकला, झाली मोटरहोम, ते बहुतेक तिकडचे असतात. ब्रिटनमध्ये व्हॅनचं घर केल्यावर फॉर्म भरून, फोटो जोडून नोंदणी बदलायला अर्ज करता येतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं गाडी जशी बनवली आणि आरसीत जशी लिहिली, तिच्याशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका खटल्यात हे ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं शिक्षाही आली: दर बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला आणि विमा कंपनीला बदल कळवलेला नसला, तर क्लेमचं काय होईल ते सांगायला नको.

याचा अर्थ मोटरहोम बेकायदा आहे असं मुळीच नाही. 'मोटर कॅरॅव्हॅन'साठी आपल्याकडे एआयएस-१२४ नावाचं स्वतंत्र मानक आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत त्याप्रमाणे गाडी तपासून घ्यायची असते. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. चॅसिस एकाची आणि बॉडी दुसऱ्याची, हेही आपल्याला नवीन नाही. एसटी महामंडळानं दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत वर्षानुवर्षं स्वतःच्या गाड्यांची बॉडी बांधलीय. पण हा सगळा मार्ग आहे कंपन्यांचा. एकच गाडी बनवणाऱ्या नोकरदार माणसानं नमुना तपासणीचा खर्च करायचा, तर गाडीपेक्षा कागद महाग!

म्हणून वेस्टफालियाचा बॉक्स. दादानं गाडीला हातच लावला नाही. कापाकापी नाही, वेल्डिंग नाही. सेकंडहँड, डबल केबिन, फोर-बाय-फोर पिकअप घेतली (कंपनीचं नाव लिहू नको म्हणाला, नाही तर चर्चा तिकडेच वळते) आणि तिच्या हौद्यात बसेल अशी सुटी पेटी बनवायला घेतली. पेटीला चार कोपऱ्यांत चार जॅकचे पाय. पाय खाली सोडायचे, बोल्ट काढायचे, खालून गाडी पुढे न्यायची. वीस मिनिटांत पिकअप परत पिकअप. चालत्या गाडीत पेटीत कोणी बसायचं नाही, हा नियम. विमा कंपनीलाही पत्र लिहून कळवलंय. पिकअपमध्ये माल ठेवतात आणि हा आमचा माल, असा त्याचा युक्तिवाद. माझ्या मते युक्तिवाद चांगला आहे. फक्त तो थंड खोलीत वकिलापुढे नाही, भर उन्हात हवालदारापुढे करावा लागतो. एकदा करावा लागलाही. हवालदारांनी पेटीवर टकटक केलं, "आत कोण बसलंय?" विचारलं, दार उघडून गॅसची शेगडी बघितली आणि घरी मिसेसना दाखवायला मोबाइलवर फोटो काढला. प्रत्येक वेळी इतकं गोड होईल असं समजू नका.

मिस्त्री आणि माळा

पेटी बनली खोपोलीतल्या एका शेडमध्ये. मिस्त्रींचा मूळ धंदा ग्रिल, फार्महाउसची गेटं आणि टेम्पोचे हौदे. "साहेब, मजबूत करून देतो," हे त्यांचं पहिलं वाक्य. आणि तिथेच घोळ झाला. आपल्याकडे मजबूत म्हणजे जड. लोखंडी चौकोनी पाइपची फ्रेम, बारा एमएमचा मरीन प्लाय, बाहेरून पत्रा, मध्ये थर्माकोल. ड्रायव्हर केबिनच्या डोक्यावर पुढे आलेला माळा, त्यावर दोघांची झोपायची जागा. छपरावर एसी. पेटी इतकी मजबूत की मिस्त्रींनी वर उभं राहून उड्या मारून दाखवल्या.

मग आला वजनकाटा. हिशेब मांडला तो असा. पेटी एसीसकट ६१० किलो. पाण्याची टाकी १२० लिटरची, म्हणजे १२० किलो. घरच्या इन्व्हर्टरला लावतो तसल्या दोन बॅटऱ्या ११५ किलो. फ्रिज वीस, छोटा गॅस सिलिंडर बारा, कपडे-भांडी-रेशन साठ. उरलेला आकडा त्या दोघांच्या वजनाचा, तो छापलास तर बघ अशी वहिनीनं तंबी दिलीय.

दोनशे ऐंशी किलो जास्त म्हणजे काय होतं? शहरात कदाचित काहीच नाही. घाटात उतरताना ब्रेक तापतात. चिखलात रुततो. वळणावर वरचा माळा गाडीला बाहेर ओढतो. आणि पिकअपची चॅसिस शिडीसारखी असते. एक चाक खड्ड्यात, एक दगडावर गेलं की ती पिळवटते. तिच्यावर आवळून बसवलेली ताठ पेटी पिळवटत नाही, ती तडकते. पहिल्याच टेस्टला दाराच्या कोपऱ्यातला प्लाय फाटला होता. मोठ्या ट्रकांवरच्या एक्स्पिडिशन गाड्यांत म्हणूनच पेटी झुलत्या सांध्यांवर ठेवतात. दादानं आता बोल्टना जाड स्प्रिंग लावल्यात. गाडी पिळवटते, पेटी नुसती मान हलवते.

एसी की संडास?

काय काढायचं? दादाची यादी तयार होती. पोर्टेबल टॉयलेट आणि त्याची चिंचोळी खोली. जागा वाचेल, वजन वाचेल, आणि "बाहेर निसर्ग आहेच की!"

वहिनीचं उत्तर छापण्याजोगं करून सांगते. निसर्ग तुझ्यासाठी आहे. ट्रेकला मुली सकाळपासून पाणी कमी का पितात, ते कधी विचारलंस? हायवेवरच्या कुठल्या पंपावरचं टॉयलेट बरं आहे याचा नकाशा माझ्या डोक्यात का पाठ आहे? हा मुद्दा काही तिचा एकटीचा नाही. पुण्यात २०१६ मध्ये उल्का सादळकर आणि राजीव खेर यांनी भंगारात निघालेल्या पीएमपीच्या बसमध्ये बायकांसाठी 'ती' टॉयलेट सुरू केलं, ते याच गरजेतून. जुन्या बसमध्ये नळ, बेसिन, कमोड, सगळं बसतं हे तेव्हाच सिद्ध झालंय. बस तर एका जागी उभी होती, आपली गाडी चालते एवढाच फरक.

शेवटी निकाल विजेनं लावला. नवी १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी वजनाला तेरा किलो, तिच्यात साधारण १.३ युनिट वीज मावते. लहान फ्रिज दिवसाला अर्धा युनिट खातो. पंखा, दिवे, मोबाइल, लॅपटॉप मजेत चालतात. पण एसी लावला तर पावणेदोन तासांत बॅटरी खल्लास. रात्र उरते सहा तासांची! सोलर म्हणाल तर कर्जतच्या पावसाळी आभाळाखाली पॅनल नुसतं धुऊन निघतं. खरी बॅटरी भरते ती गाडी चालताना. एसी गेला. टॉयलेट राहिलं. अट एकच: रिकामं करायचं दादानं.

दुसऱ्या पेटीला लोखंड नाही. ॲल्युमिनियमची फ्रेम आणि आइस्क्रीमच्या गाड्यांना लावतात ती पफ पॅनल. एसीच्या जागी छपराला हवा बाहेर फेकणारा पंखा, कारण आपल्या कोकणपट्टीत रात्री त्रास होतो तो गरमीइतकाच दमटपणाचा. दोन माणसांच्या श्वासानं पहाटे भिंती ओल्या होतात, आठवड्यात गादीला बुरशी. पाण्याची टाकी साठ लिटरची, अगदी तळाला, मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे वजन खाली राहतं. सिलिंडरच्या कप्प्याला जमिनीलगत भोक, कारण गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खालीच साठतो. हे भोक ठेवायला विसरू नका, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

पेटी भरली ३८० किलो. आणि वजनकाट्यावर, तोच पोरगा, तीच खिडकी: "चोवीसशे पंच्याऐंशी!" मिस्त्रींनी या वेळी उडी मारून दाखवली नाही. दोन्ही पेट्यांवर मिळून खर्च झाला तीन लाख चाळीस हजार, पिकअप वेगळी. पहिली पेटी खालापूरकडच्या एका फार्महाउसवाल्यानं घेतली. तिथे ती वॉचमनची केबिन आहे, एसीसकट. वॉचमन खूष.

कोंडाण्याखाली एक रात्र

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मीही सोबत निघाले. चौकवरून कर्जतला आत वळलो. याच रस्त्यावर नितीन देसाईंनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला. शूटिंगमुळे इथल्या लोकांना व्हॅनिटी व्हॅन चांगल्या माहीत, त्यामुळे चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न आला, "हिरो कुठाय?" दादानं केसांवरून हात फिरवला. वहिनी म्हणाली, "यायचाय अजून."

कोंदिवड्याच्या पुढे खरी परीक्षा. भातखाचरांच्या कडेनं मऊ चिखलाची वाट. दादानं टायरमधली हवा वीसवर आणली, फोर-बाय-फोर लो टाकला आणि आम्हाला खाली उतरवलं. गाडी हत्तीसारखी डुलत, स्प्रिंगांवर पेटी कुरकुरत, पण गेली! फांद्यांनी सोलर पॅनलवर दोन ओरखडे काढले. ऑफ-रोड म्हणजे नदीत गाडी घालून फोटो काढणं नव्हे, हेही इथेच कळलं. कडेनं, ज्याची जमीन त्याला विचारून, पीक वाचवत जायचं असतं. ते टीव्हीवरच्या जाहिरातीत दिसत नाही.

मुक्काम कुठे करायचा यावर मात्र चर्चा नाही. डोंगराच्या उताराखाली नाही, ओढ्याच्या पात्राजवळ नाही, व्ह्यू कितीही झक्कास असो. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इरसाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा माणसं झोपेत होती. आम्ही एका काकांच्या अंगणाशेजारी, सपाट मोकळ्या जागेत थांबलो. त्यांना पैसे दिले, संडास वापरायची परवानगी घेतली.

काकांनी आत डोकावून सगळं नीट पाहिलं. शेगडी, बेसिन, माळ्यावरची गादी. मग म्हणाले, वाडीतले कातकरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ना, ते पण असंच टेम्पोत घर भरतात. भांडी, कोंबड्या, पोरं, सगळं. म्हणताना चिडवत नव्हते. नुसतं आठवलं म्हणून सांगितलं. आम्ही तिघंही जरा गप्प झालो. आमच्या टेम्पोला सोमवारी परत पार्किंगमध्ये यायचं होतं.

रात्री मी टेंटमध्ये, ते दोघं माळ्यावर. पाऊस दोनदा येऊन गेला. पेटी गळली नाही. टेंट गळला.

सकाळी लेण्यांकडे निघालो. वहिनीच्या पाठीवर फक्त पाण्याची बाटली, हातात काठी. वाट दाट झाडीतून चढते. सावकाश, थांबत थांबत पोचलो तर चैत्याच्या तोंडावरून पाण्याचा पडदा कोसळत होता. कोंडाणे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं, हीनयान काळातलं. गंमत म्हणजे सगळं दगडाचं असून लाकडाची नक्कल. सज्जे, जाळ्या, कमानी, जणू सुताराच्या हातच्या. आणि जिथे खरं लाकूड लावलं होतं, ते कधीच गेलंय. इथे ब्राह्मी लेख आहे: कण्हाचा शिष्य बलक, यानं हे केलं. इतकं काम करून सही एका ओळीची!

शेजारच्या विहारात भिक्खूंच्या खोल्या. एका माणसाला झोपायला दगडी ओटा, बस्स. दादा आत शिरला आणि सवयीनं वितीनं ओटा मोजायला लागला. भिक्खू वर्षाचे नऊ महिने फिरत आणि पावसाळ्याचे तीन एका जागी राहत, वर्षावास म्हणतात त्याला. म्हणजे हे फिरत्या लोकांचं पावसाळी घर. "आपल्या माळ्यापेक्षा अरुंद आहे," दादानं जाहीर केलं. वहिनी पडद्याआडून राजमाचीकडे बघत होती. इथून वर ती आता जाणार नाही. पण लोणावळ्याहून तुंगार्लीवरून उधेवाडीपर्यंत कच्चा गाडीरस्ता जातो आणि उधेवाडी राजमाचीच्या पायथ्याशीच आहे. पावसानं वाट सुकू दे, डिसेंबरात बघू, असं ती म्हणाली. दादानं लगेच मोबाइलमध्ये तारीख टाकली.

खाली आलो. भूक कडकडून लागलेली, पोह्यांचा वास सुटलेला, आणि कोणाला तरी आठवलं, टॉयलेटची टाकी भरत आलीय. वीस लिटरची टाकी, ती ओढ्यात ओतायची नाही, शेतात नाही, झाडीत नाही. ओढा उल्हासला मिळतो, आणि उल्हासचं पाणी खाली बदलापूर-अंबरनाथकडची माणसं पितात. ती जायची फक्त सेप्टिक टँकच्या संडासात. दादानं हातमोजे चढवले, टाकी सोडवली, हात लांब करून धरली आणि काकांच्या अंगणातून चालायला लागला. काकांच्या नातवानं ओसरीवरून विचारलं, "काका, त्यात काय आहे?"

"एसी," वहिनी म्हणाली.